हाताने कोळसा घालायच्या शेगड्या: पाच महिने वापरल्यानंतर

जानेवारीत, बाहेर उणे १७ असताना, बैठकीतल्या शेगडीची जाळी वाकली. राख पाडायला जाळी हलवायचा दांडा ओढला तर अर्ध्यावर अडकला, राख खाली पडेना आणि दोन-अडीच तासांत निखारे काळवंडले. त्याच रात्री लिहिलं असतं तर नुसता संताप उतरला असता. आता मार्च संपत आलाय. राग बराचसा गेलाय, सगळा नाही.

आमचं घर अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनजवळ. जुनं, लाकडी, तीन मजली, सुमारे ३,२०० चौरस फूट. मागच्या हिवाळ्यात घर तापवायला हजारावर गॅलन तेल जळलं आणि बिल चार हजार डॉलरच्या आसपास गेलं. अँथ्रासाइट, म्हणजे कठीण दगडी कोळसा, तर इथल्याच जमिनीतून निघतो. इथला टन ९०७ किलोचा. चांगल्या कोळशाचा असा एक टन साधारण १८० गॅलन तेलाइतकी उष्णता देतो आणि आम्हाला तो ३४० डॉलरला घरपोच मिळाला. म्हणून ऑक्टोबरमध्ये दोन शेगड्या बसवल्या, एक बैठकीत, एक तळघरात. आपोआप कोळसा ओढणाऱ्या शेगड्यांना वीज लागते आणि इथे बर्फाच्या वादळात वीज जाते, म्हणून मुद्दाम हाताने भरायच्या घेतल्या. कोळसा 'नट' मापाचा, म्हणजे सुपारीहून जरा मोठे खडे.

पहिले तीन आठवडे पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. विस्तव रोज पहाटे विझलेला. चूक माझी होती. मी लाकडाच्या चुलीसारखं वरून टोचत होते. अँथ्रासाइटला वरून सळई लावली की थर मोडतो आणि विस्तव मरतो. त्याला खालून हवा लागते आणि जाड थर लागतो. शेगडी काठोकाठ भरायची आणि वर हात लावायचा नाही. भरताना एका कोपऱ्यात लाल निखारा उघडा ठेवायचा, म्हणजे नव्या कोळशातून निघणारा वायू लगेच पेटतो. सगळं झाकलं तर तो साठतो आणि एकदम भडकतो. एकदा दार धाडकन उघडलं होतं, तेव्हापासून ही चूक केलेली नाही. नीट पेटली की वर निळ्या ज्वाळा नाचतात, धूर नाही, काजळी नाही, आणि बारा तास ऊब अशी एकसारखी की तेलाच्या हीटिंगवर ती कधीच मिळाली नव्हती. सासूबाईंचे गुडघे यंदा पहिल्यांदाच हिवाळाभर शांत राहिले. माझ्यासाठी अर्धी किंमत तिथेच वसूल झाली.

आता राखेच्या ट्रेबद्दल. या शेगडीबद्दल कुणी मला एकच गोष्ट विचारली तर मी ट्रेबद्दलच सांगेन.

ट्रे अरुंद आहे. जाळीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच कमी. म्हणजे जाळी हलवली की राख ट्रेबाहेरही पडते आणि मागे साचते. दोन दिवसांनी ट्रे पूर्ण आत जात नाही. ट्रे आत गेला नाही की राखेचं दार घट्ट लागत नाही, दार घट्ट नाही की खालून नको तितकी हवा शिरते आणि शेगडी बेफाम तापते. दोन्ही शेगड्यांत मिळून दिवसाला चाळीस पौंडांच्या दोन गोण्या जळतात, त्यामुळे राख रोजच भरपूर. ट्रे बारा तास जेमतेम पुरतो. त्याला झाकण नाही, आणि कडी इतकी आखूड की हातमोजा घालून धरता येत नाही. भरलेला ट्रे बैठकीतून स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दारी न्यायचा. पाच महिने माझ्या घरात ओट्यावर, देव्हाऱ्यावर, सगळीकडे करडा थर आहे.

जाळी वाकल्यावर दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, जाळी झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. फोटो पाठवले तर म्हणाला, तुम्ही राख जाळीपर्यंत येऊ दिलीत. मी कडाडून भांडले. चार दिवस, सहा फोन. शेवटी जाळीचे पैसे आम्हीच भरले, त्यांनी फक्त पाठवणीचा खर्च सोडला.

पण नवी जाळी बसवताना मागे हात घातला तर तिथे विटेएवढा राखेचा ढीग होता, जाळीला टेकलेला. जाळीला थंड ठेवते ती खालून येणारी हवाच. ती अडली की बिडाची जाळीसुद्धा निखाऱ्याच्या तापाने वाकते. म्हणजे त्याचं म्हणणं खरं होतं, हे मला मान्य करावं लागलं. १८०८ साली इथून जवळच्या विल्क्स-बॅरी गावात जेसी फेल या खानावळवाल्यांनी भात्याशिवाय अँथ्रासाइट जाळून दाखवला, तोही उघड्या जाळीवर, खालून आपोआप येणाऱ्या हवेनेच. सासूबाईंनी साताऱ्याला तीस वर्षं बंब पेटवला. त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "अगं, आधी खालची राख बघ, मग वरून घाल." मी "हो आई" म्हटलं आणि वरच बघत राहिले. तरीही माझं मत कायम आहे. राख मागे पडेल असा ट्रे देऊन वर गिऱ्हाइकालाच दोष देणं मला पटत नाही.

गावातल्या पत्र्याच्या कारागिराकडून नवा ट्रे करून घेतला, ४५ डॉलरला. कडेला तिरप्या पट्ट्या, लांब कडी, सरकतं झाकण. फेब्रुवारीपासून मागे चिमूटभर राख पडलेली नाही आणि दांडा एका बोटाने हलतो. एवढ्यावरून माझं शेगडीबद्दलचं मतच फिरलं.

बाकी थोडक्यात. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म प्रत्येक मजल्यावर हवेतच, त्यात काटकसर नको. वरच्या खोल्या गार राहतात. त्यावर इलाज म्हणजे पंखा जमिनीवर ठेवून गार हवा शेगडीकडे ढकलायची, गरम हवा आपसूक वर जाते. बाहेर १२-१३ अंश झाले की धुरांड्याची ओढ मंदावते आणि विस्तव रुसतो, त्या दिवसांत तेलच बरं. राख पूर्ण निवल्यावर अंगणातल्या बर्फावर टाकली की पाय घसरत नाही. शेजारचे आजोबा म्हणाले, त्यांच्या लहानपणी सगळी गल्ली हेच करायची.

हिशेब: साडेपाच टन कोळशाचे १,८७० डॉलर, वर तेलाचे साधारण सहाशे. जाळीचे १६० आणि ट्रेचे ४५ धरूनही तेराशेच्या आसपास वाचले.

शेगड्या घेऊ का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हो असंच आहे, पण घरात सकाळ-संध्याकाळ कुणीतरी ठरलेल्या वेळी असेल तरच. आणि दुकानात जाताना मोजपट्टी घेऊन जा, आधी ट्रे बाहेर ओढा, मग जाळीची रुंदी मोजा.

पुढच्या शनिवारी विस्तव बंद करून धुराची नळी उतरवायची आहे. आतली राख तशीच राहिली तर उन्हाळ्यातल्या दमटपणात पत्रा खाते. तळघरातल्या शेगडीसाठीही तसाच ट्रे सांगून आले आहे, या वेळी कडी आणखी दोन इंच लांब.