इन्व्हर्टरच्या बॅटरीत 54 हजार गेले, सिरीज-पॅरलल समजून घ्या मगच पैसे द्या

बार्शीत माझं शिलाईचं दुकान आहे. मोटरवरच्या तीन मशीन, दोन फॅन, पाच ट्यूब, सगळं एकदम चालू असलं तर 500 वॅट धरा. जुनी बॅटरी जेमतेम तासभर टिकायची आणि लग्नसराई तोंडावर, ब्लाउजांचे ढीग पडलेले, म्हणून मार्चमध्ये एका इन्व्हर्टरवाल्याला बोलावलं.

माणूस बोलायला एकदम गोड. म्हणला, "ताई, एक बॅटरी म्हणजे 12 व्होल्ट 150 एएच. दोन सिरीजमध्ये लावल्या की व्होल्टेज डबल, एएच पण डबल. अकरा तास बघायला नको." एएच म्हणजे अँपिअर-अवर, किती करंट किती तास पुरेल याचं माप. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे त्याने दोन चौकोन काढले, एकाच्या प्लसवरून दुसऱ्याच्या मायनसला रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 24 व्होल्ट 300 एएच. बिलावर पण तेच. बॅटऱ्यांचे 40 हजार, इन्व्हर्टरचे 14 हजार, आणि माझी जुनी बॅटरी साडेतीन हजारात वेगळी उचलून नेली.

दोन महिन्यांत चाळीस मिनिटांवर टी टी टी आवाज आणि सगळं बंद. फोन केला की म्हणायचा, ताई तुमचा लोड जास्त आहे, अजून दोन बॅटऱ्या टाका. मी टाकणारच होते, खरं सांगते, ॲडव्हान्सचे पैसे पण काढून ठेवले होते.

तेवढ्यात बहिणीचा मुलगा आला, आयटीआयचा वायरमन ट्रेड केलेला. बिल बघितल्या बघितल्या म्हणाला, "मावशी, हे होऊच शकत नाही." वही घेऊन बसला आणि मला समजेपर्यंत समजावलं, तेच इथं लिहिते. शाळेत आपण एकसर जोडणी आणि समांतर जोडणी शिकलो तेच हे. प्लस-मायनस असं एकापुढे एक जोडलं तर सिरीज, म्हणजे व्होल्टेजची बेरीज होते, 12 आणि 12 चे 24, पण दोन्हीतून करंट तोच एक वाहतो म्हणून एएच 150 च राहतात. प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलं तर पॅरलल, तिथं व्होल्ट 12 च आणि एएच 300. दोन्हीकडे गुणाकार करून बघा, 24 गुणिले 150 म्हणजे 3600 वॅट-अवर, म्हणजे साठवलेली एकूण वीज, आणि 12 गुणिले 300 म्हणजे पण 3600. बॅटऱ्या दोन तर वीज दोनच बॅटऱ्यांची, कशीही जोडा. इन्व्हर्टरवाल्याने मला 24 गुणिले 300 म्हणजे 7200 चा, चार बॅटऱ्यांचा हिशोब दाखवला आणि दोन आणून ठेवल्या. 500 वॅटला नव्या दोन बॅटऱ्या इन्व्हर्टरची घट धरून साडेपाच तासाच्या आसपास चालतील, अकरा कुठून येणार.

24 व्होल्ट घेणं चूक नाही हं, मोठ्या इन्व्हर्टरला तेच लागतं, करंट निम्मा होतो, वायर कमी तापते. खोटं होतं ते 300.

पण मग साडेपाच तास तरी का नाही? भाच्याने लाइट असताना चार्जिंगवर मल्टिमीटर लावला. दोन्ही मिळून 27.5, म्हणजे वरून सगळं ठीक. मग एकेक वेगळी बघितली तर एक 15.7 आणि दुसरी 11.8! मी आकडे वहीत लिहून घेतले. बॅटरीत सहा सेल असतात, ते पण आत सिरीजमध्येच, प्रत्येकी दोन व्होल्टच्या आसपास. दुसऱ्या बॅटरीतला एक सेल मेलेला होता. हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडचा दाटपणा मोजायच्या नळीने, पाणी ओढून बघितलं तर बाकीचे 1240 जवळ आणि त्या एका सेलमध्ये गोळी वर येईचना. ती बॅटरी आपला वाटा घेत नाही म्हणून तिचं व्होल्टेज चांगल्या बॅटरीच्या डोक्यावर बसतं, ती ओव्हरचार्ज होऊन उकळते, म्हणून मी दर दहा दिवसांनी तिच्यात डिस्टिल्ड वॉटर ओतत होते आणि मला वाटायचं उन्हाळा आहे. आजारी एक, मरतायत दोन्ही.

मग त्या सेल मेलेल्या बॅटरीवरून हात फिरवला. स्टिकर नवाकोरा, पण टर्मिनलवरचं ग्रीस पुसलं तर खाली पाना लागल्याचे जुने ओरखडे, आणि प्लास्टिकवर ठोकलेला नंबर वेगळा, स्टिकरवरचा वेगळा, म्हणजे बॅटरी जुनीच. वॉरंटी कार्ड पण एकच दिलेलं होतं, मी त्याच वेळी दुसरं मागितलं नाही याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही घेताना दोन्ही बॅटऱ्यांचे नंबर बिलावर लिहून घ्या, दोन कार्डं घ्या, बॅटरी जोडायच्या आधी प्रत्येकीचं व्होल्टेज समोर मोजायला लावा, चांगली चार्ज झालेली बॅटरी काही तास तशीच ठेवल्यावर 12.6-12.7 दाखवते, 10.5 च्या आसपास दिसली तर सेल गेलाय समजा. एक जुनी एक नवी सिरीजमध्ये जोडू देऊच नका, कितीही स्वस्त सांगितलं तरी.

इन्व्हर्टरवाला आता फोन उचलत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं. बिल आणि ते कार्ड, त्याच्या हाताने 300 एएच लिहिलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय.