चर्चमधल्या चार स्क्रीन: स्प्लिटर लावायचा की प्रत्येकीला वेगळं आउटपुट?

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. भिंतीवर प्रोजेक्टर आहे, खांबाआड बसणाऱ्यांसाठी दोन टीव्ही घेतलेत, गायनमंडळींना समोर एक स्क्रीन हवीय, आणि लॅपटॉप एकच. आता एकच आउटपुट काढून स्प्लिटरने सगळीकडे तेच चित्र फोडायचं, की हब-अडॅप्टर लावून प्रत्येक स्क्रीन स्वतंत्र चालवायची? मी दोन्ही करून बसलोय, आधी दीडेक वर्ष वेगळी आउटपुटं आणि मग स्प्लिटर. एक्स्टेंड-ड्युप्लिकेट म्हणजे काय, विंडोज की आणि पी दाबलं की काय होतं, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आमचं चर्च नगर जिल्ह्यातलं, दगडी, जुनं, वर गॅलरी. खिडक्या उंच आणि सकाळच्या उपासनेला ऊन सरळ पडद्यावर, त्यामुळे प्रोजेक्टर कितीही चांगला आणला तरी साडेनऊ ते दहा भिंतीवर फक्त पांढरा चौकोन दिसतो. टीव्ही आले ते यासाठी, हौस म्हणून नाही.

आधी वेगळ्या आउटपुटची बाजू, कारण तिच्यात दम आहे आणि तो नाकारणं बरोबर नाही. आपली गीतं दोन प्रकारची, एक पाश्चात्त्य चालीची, ती कडव्यामागून कडवं सरळ जातात, त्यात काही प्रश्न नाही. दुसरी भजनाच्या अंगाची, पेटी-तबल्यावर, आणि तिथे गाणारा रंगात आला की धृपदाची एकच ओळ तीनदा घेतो, मग मधूनच तिसऱ्या कडव्यावर उडी. लॅपटॉपवर बसलेल्या पोराला ते कळेपर्यंत मंडळी पुढे गेलेली असते. गायनमंडळींच्या स्क्रीनवर आत्ताचं कडवं मोठं, खाली पुढचं छोटं, कोपऱ्यात घड्याळ असं दिसत असेल तर दोन्हीकडचा ताळमेळ खूप सुधारतो, हे मी स्वतः बघितलंय. फ्रीशो हे पडद्यावर गीतांचे शब्द दाखवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात अशी अनेक आउटपुटं आणि स्टेजचा वेगळा लेआउट बसवता येतो. प्रोप्रेझेंटर पैशाचं आहे, पण मोठ्या शहरातल्या मंडळ्या ते वापरतात आणि एकदा हात बसला की सोडत नाहीत म्हणे. शिवाय बाजूच्या टीव्हीवर कॅमेऱ्याचं चित्र आणि भिंतीवर शब्द, असंही करता येतं. लग्नाच्या दिवशी गॅलरीतली माणसं खूश.

हार्डवेअरचं गणित मात्र आधी नीट समजून घ्या. साध्या लॅपटॉपला एक एचडीएमआय आणि नशीब असेल तर चित्र देणारा टाइप-सी. म्हणजे दोन झाल्या. तिसरी यूएसबीच्या डिस्प्ले अडॅप्टरवर, आणि त्यातला डिस्प्लेलिंकवाला प्रकार ग्राफिक्स कार्डाचं काम करत नाही, ड्रायव्हर चित्र दाबून यूएसबीतून पाठवतो आणि ते सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. शब्दांना ठीक, व्हिडिओ अडखळतो. मॅकवाल्यांनी तर जास्तच जपून. पहिल्या साध्या एम-1 मॅकबुकला बाहेरची एकच स्क्रीन चालते, आणि दोन एचडीएमआयचा साधा एमएसटी हब (एकाच पोर्टातून दोन स्क्रीन काढणारा) कुठल्याही मॅकला लावला तर दोन्हीकडे एकच चित्र येतं. हे दुकानात कुणी सांगत नाही.

हे सगळं जुळवलं आणि चांगलं चाललं. रविवारमागून रविवार. मग मला ज्याने हैराण केलं त्यावर येतो, आणि ते सॉफ्टवेअर नव्हे की केबल नव्हे. आमच्याकडे लाईट जाते.

लाईट गेल्यावर काय होतं ते नीट बघा. लॅपटॉप बॅटरीवर, तो चालूच. गायनमंडळींचा मॉनिटर इन्व्हर्टरवर, तोही चालू. प्रोजेक्टर आणि दोन्ही टीव्ही गेले. लॅपटॉपला वाटतं कुणीतरी तीन वायरी उपटल्या, म्हणून तो त्या स्क्रीन विसरतो आणि त्यांच्यावरच्या खिडक्या उचलून उरलेल्या स्क्रीनवर आणून टाकतो. मग जनरेटर सुरू होतो, टीव्ही आधी जागे होतात, प्रोजेक्टर त्याच्या सवडीने, आणि आमचा हब भिंतीवरच्या करंटवर असल्याने तो पहिल्यापासून सुरुवात करतो. स्क्रीन परत येतात त्या ज्या क्रमाने उठल्या त्या क्रमाने. सॉफ्टवेअरला तुम्ही सांगून ठेवलेलं असतं की डावीकडून 1920 पिक्सेल सोडून पुढे शब्द दाखव, आणि त्या पत्त्यावर आता दुसराच कुणी राहायला आलेला असतो.

गुड फ्रायडेला बारा ते तीनची उपासना. वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते, मध्ये गीतं. एप्रिलचं नगरचं ऊन, चर्च गच्च भरलेलं. पाचवा उद्गार संपला, गीत सुरू व्हायचं आणि पंखे थांबले. अर्ध्या-पाऊण मिनिटात जनरेटर लागला, मी मनात म्हटलं चला सुटलो. प्रोजेक्टर हळूहळू उजळला आणि बारा फुटी भिंतीवर लॅपटॉपचा वॉलपेपर आला, आमच्या भाचीचा पहिला वाढदिवस, तोंडभर केक आणि डोक्यावर चकचकीत टोपी. शब्द गेले होते गॅलरीतल्या टीव्हीवर. मी माउस शोधतोय तर माउसचा बाण गायनमंडळींच्या मॉनिटरवर फिरतोय, तिथून एक मावशी मला हाताने खुणा करतायत की हे काय. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "गीत पुस्तकातून घेऊ या." पूर्ण चर्चने पुस्तकं उघडली आणि गीत झालं, उलट जास्त मोकळ्या आवाजात झालं. मी मात्र वर बघू शकलो नाही.

(तेव्हापासून एक नियम, काहीही सेटअप असो, चर्चच्या लॅपटॉपचा वॉलपेपर काळाभोर, डेस्कटॉपवर एकही आयकॉन नाही, नोटिफिकेशन बंद. हे आजच करून टाका, बाकीचं नंतर वाचा.)

त्यानंतर मी हार न मानता उपाय केले. विंडोज 11 मध्ये मॉनिटरनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचं सेटिंग आहे, ते चालू केलं, बऱ्यापैकी फरक पडला. ईडीआयडीचे, म्हणजे स्क्रीनची ओळख लॅपटॉपला सांगत राहणारे, छोटे डोंगल मिळतात, ते केबलच्या मध्ये लावले की टीव्ही बंद असला तरी लॅपटॉपला तो चालू असल्यासारखाच दिसतो, त्यानेही बरंच जमलं. हब यूपीएसवर घेतला. म्हणजे सुटत नाही असं नाही, सुटतं. पण प्रत्येक उपाय माझ्या डोक्यात होता. एका रविवारी मी सोलापूरला लग्नात, जेवणाच्या पंगतीत फोन, "दादा, गीत मागच्या टीव्हीवर दिसतंय आणि भिंतीवर काहीच नाही, काय करू?" हातात जिलेबी आणि मी तरुण संघाच्या अकरावीतल्या पोराला फोनवर विंडोज, शिफ्ट आणि डाव्या बाणाचं बटण एकदम दाब म्हणून सांगतोय, आणि मागे सनई.

मग स्प्लिटर आणला. आणि पहिल्या रविवारी तोही फसला, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

आमचा प्रोजेक्टर जुना, 1024 बाय 768 वाला, टीव्ही फुल एचडी म्हणजे 1080 वाले. प्रत्येक स्क्रीन आपण काय काय दाखवू शकतो याची एक छोटी चिठ्ठी वायरीतून पाठवते, तीच ईडीआयडी. चार स्क्रीनच्या चार चिठ्ठ्या, लॅपटॉपला दाखवायची एकच, मग स्वस्त स्प्लिटर बहुतेक वेळा पहिल्या आउटपुटची दाखवतो किंवा सगळ्यांत गरीब जी असेल तिची. पहिल्या भोकात प्रोजेक्टर होता. त्यामुळे टीव्हींवर पण तेच छोटं चित्र ताणून आलं, अक्षरं जाड आणि आडवी, पाळकसाहेबांचा फोटो टाकला तर ते दहा किलोंनी वाढलेले. प्रोजेक्टर काढून टीव्ही पहिल्या भोकात लावला तर टीव्ही सुंदर. आमचा प्रोजेक्टर 1080 घेतो आणि स्वतःच लहान करतो, वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून. सगळेच जुने प्रोजेक्टर घेत नाहीत, आधी लावून बघा.

टीव्हीची अजून एक गंमत, ती स्प्लिटरवर पण होते आणि वेगळ्या आउटपुटवर पण. टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतो. इंग्रजी शब्दांना फार फरक पडत नाही, आपल्याकडे वरच्या ओळीची मात्रा गेली की "देवा"चं "दवा" होतं आणि खालच्या ओळीचा उकार गेला की "प्रभु"चा "प्रभ". टीव्हीच्या पिक्चर मेनूत जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी असतं, ते चालू केलं की कडा परत येतात. आम्ही सहा आठवडे "दवा" गात होतो.

पुढे दुसरा स्प्लिटर घेतला, त्याला ईडीआयडी पक्की करण्याचे खटके आहेत, 1080 वर कायमचा लावून टाकला. लॅपटॉप आणि स्प्लिटर एकाच छोट्या यूपीएसवर. आणि इथे माझं मत फिरलं, कारण आता टीव्ही बंद पडो, प्रोजेक्टर थंड होत बसो, लॅपटॉपला त्यातलं काही कळतच नाही. त्याच्या दृष्टीने एकच दुसरी स्क्रीन आहे, कायम 1080, कायम चालू. लाईट गेली की भिंत काळी होते, आली की जे कडवं चालू असेल तेच परत येतं. कुणी काही दाबत नाही. पावसाळ्यात एका रविवारी तीनदा लाईट गेली, पोरगं खुर्चीत तसंच बसून होतं.

लांब वायरीचा खर्च दोन्हीकडे सारखाच. साधी एचडीएमआय वीस मीटर ओढली तर चित्र मध्येच चमकतं नाहीतर जातं, आम्ही गॅलरीपर्यंत कॅट-6 (नेटवर्कची) वायर आणि दोन टोकांना एक्स्टेंडर केलाय. ऑप्टिकल एचडीएमआय घेणार असाल तर लक्षात ठेवा, तिला दिशा असते, टोकांवर सोर्स आणि डिस्प्ले लिहिलेलं असतं. आमच्या ओळखीच्या एका मंडळीत ती पाईपातून उलटी ओढली गेली, वर पीओपी झालं, आणि मग कळलं.

राहिली गायनमंडळी. स्प्लिटरने त्यांनाही तेच दिसतं जे मंडळीला, पुढचं कडवं नाही. ही उणीव खरी आहे. त्यावर मी ओपनएलपीचं (हेही गीतांचे शब्द दाखवायचं सॉफ्टवेअर) वेब रिमोट चालू केलं, त्यात स्टेज व्ह्यू नावाचं पान आहे, लॅपटॉपच्या पत्त्यापुढे 4316 पोर्ट टाकून ते कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतं. जुना टॅबलेट पेटीशेजारी, एक साधा राउटर, इंटरनेटची गरज नाही. दगडी भिंतींमुळे राउटर हॉलमध्येच ठेवावा लागला. कधी अर्धा सेकंद मागे पडतं, महिन्यातून एकदा टॅबलेट झोपतो आणि मावशी त्याला बोटाने टोचून उठवतात. तारेने जोडलेल्या मॉनिटरइतकं भरवशाचं नाही, मान्य. पण ते बिघडलं तर फक्त आठ जणांना कळतं, आणि त्या आठ जणांच्या मांडीवर पुस्तक असतंच.

तुमचं वेगळं असू शकतं. लाइव्ह स्ट्रीमवर खालच्या पट्टीत शब्द हवे असतील, किंवा पुण्या-मुंबईकडे जसं एका स्क्रीनवर मराठी आणि दुसरीवर इंग्रजी लागतं तसं असेल, तर वेगळ्या आउटपुटला पर्याय नाही, तिथे स्प्लिटर घेऊन पस्तावाल. चार आउटपुटच्या कार्डाचा डेस्कटॉप, सगळ्यांना यूपीएस आणि दर रविवारी तोच माणूस, असं जमत असेल तर कदाचित माझ्यापेक्षा तुमचं छान चालेल. आमच्याकडे आता दोन पोरं आलटून-पालटून बसतात, एक बारावीची मुलगी आणि तो सोलापूरवाला फोन करणारा. गेल्या नाताळला मी उपासनेत पहिल्यांदा बाकावर बसलो, बायकोशेजारी.

स्प्लिटर घ्यायला गेलात तर दुकानदार "ईडीआयडी सगळ्यात असतं साहेब" म्हणेल. तो चूक नाही, चिठ्ठी सगळेच वाचतात, आपल्याला ती पक्की करणारा हवाय. डबी उलटी करून बघा, बाजूला किंवा खाली छोटे पांढरे खटके असतील आणि माहितीपत्रकात त्यांच्यापुढे 1080 लिहिलेलं असेल, तर घ्या.