उपचारांनंतरचं पिणं कसं मोजावं: ऑडिट की टाइमलाइन फॉलोबॅक?

व्यसनमुक्ती उपचारांच्या परिणामांवर प्रबंध करायचा ठरला की पहिला पेच साधनाचा. मुंबईत विद्यार्थी सहसा ऑडिटकडे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मद्यपानाविषयीच्या प्रश्नावलीकडे वळतात, आणि ते साहजिक आहे. दहा प्रश्न ओपीडीच्या गर्दीतही उरकतात आणि ८ गुणांची रेषा (८ किंवा जास्त म्हणजे धोक्याचं पिणं) सर्वांना ठाऊक असते. उपचारांची गरज कुणाला आहे हे हेरायला मीही तेच वापरतो.

फॉलोअपला मात्र ते मला खटकलं. ऑडिट गेल्या वर्षभराचं विचारतं. समोरच्या माणसाने सहा महिन्यांपूर्वी दारू सोडलेली असते, म्हणजे निम्मं वर्ष उपचारांआधीचं. शेवटचे दोन प्रश्न बघा: पिण्यामुळे कुणाला इजा झाली का, आणि घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं का. ‘हो, गेल्या वर्षात’ याला प्रत्येकी ४ गुण. सहा महिने थेंबही न घेतलेला माणूस एवढ्यावरच ८ वर पोचतो! एकाने मला विचारलं, “एवढं करूनही मी नापासच का?” माझा निर्णय तिथेच झाला. वर्षाऐवजी तीन महिने विचारता येतात, पण मग ८ ची रेषा कितपत धरावी, याची मला शंका वाटते.

टाइमलाइन फॉलोबॅकमध्ये कॅलेंडर पुढ्यात घेऊन एकेक दिवस भरायचा. लोकांना आठवणार कसं, असं विचारतात. पगाराची तारीख, गटारी, दहीहंडी, विसर्जनाची रात्र, गावी काढलेले दिवस आधी लिहून घ्या. मधले दिवस माणूस स्वतःच सांगू लागतो. क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्क्यांनी साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल. रोजची क्वार्टर महिन्यातून दोनदावर आली, तर ते इथे स्पष्ट दिसतं.

वेळ लागतो, हे खरं. शिवाय विचारणारा उपचार करणारा समुपदेशक नसावा. त्याचं मन राखायला लोक कमी सांगतात. दारूने रक्तात वाढणाऱ्या जीजीटी या यकृताच्या एन्झाइमच्या पातळीची जोड देता येते, पण फॅटी लिव्हर आणि टीबीची काही औषधंही ती वाढवतात.

२०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या गोव्यातल्या समुपदेशनाच्या चाचणीने दोन्ही वापरली: तीन महिन्यांनी ऑडिट ८ च्या खाली आलं का, आणि कॅलेंडरवरून गेल्या १४ दिवसांचं सरासरी पिणं. मनुष्यबळ असेल तर तसंच करा. एकच जमणार असेल, तर मी कॅलेंडर घेईन. उपचारांआधीचे ९० दिवस मात्र दाखल झाल्यावर, माणूस शुद्धीवर आणि स्थिर झाला की लगेच भरून घ्या. नंतर तुलनेला काही उरत नाही.