छतावरच्या प्रोजेक्टरच्या वायरी: पट्टी, फॉल्स सिलिंग, झिरी की वायरलेस?

छताला प्रोजेक्टर टांगायला तासभर पुरतो. त्याच्याकडे जाणाऱ्या दोन वायरी, एक विजेची आणि एक एचडीएमआयची (चित्र-आवाजाचा सिग्नल नेणारी), नजरेआड करायला मात्र कधी दोन दिवस लागतात, तर कधी भिंत फोडावी लागते. मार्ग मुख्यतः चार आहेत: वरून केसिंग पट्टी (झाकण असलेली प्लास्टिकची पोकळ पट्टी) मारणं, फॉल्स सिलिंगवरून नेणं, झिरी मारून, म्हणजे भिंतीत खाच पाडून, पाइप गाडणं, नाहीतर सिग्नल वायरलेस पाठवणं.

यांतून निवडताना मी सगळ्यात आधी एक गोष्ट बघतो. आतली केबल उद्या तोडफोड न करता बदलता येईल का? एचडीएमआयची १.४ आवृत्ती २००९ ची, तिची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट. २०१३ मध्ये २.० आली ती १८ ची, २०१७ मध्ये २.१ आली ती ४८ ची, आणि २०२५ मध्ये २.२ आली ती ९६ ची. भिंतीचं प्लास्टर यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं टिकतं. म्हणून कायमची लपवायची ती वाट. केबल त्या वाटेतून कधीही ओढून काढता आली पाहिजे. ही अट धरली की बाकीचा निर्णय बराच सोपा होतो.

मार्ग ठरवण्याआधी टेप घेऊन लांबी मोजा. समजा सेट-टॉप बॉक्स किंवा प्लेयर पडद्याखालच्या कपाटात आहे आणि प्रोजेक्टर पडद्यापासून साडेतीन मीटरवर. भिंतीवर चढायला दोन-सव्वादोन मीटर, कोपऱ्यातून वळसा घ्यायला दीड, छताचे साडेतीन, वर दोन्ही टोकांना थोडी ढील. बेरीज साडेआठ मीटरच्या आसपास जाते. साध्या तांब्याच्या केबलवर ४के, सेकंदाला ६० फ्रेमचं चित्र पाच मीटरपर्यंत निर्धास्त जातं. सात-आठ मीटरला चित्र मध्येच काळं होणं, पांढरे ठिपके चमकणं सुरू होऊ शकतं. अशा वेळी बॉक्सच मागच्या भिंतीशी, प्रोजेक्टरच्या खाली हलवता येतो का ते बघा. तसं जमलं तर छतावरचा लांब प्रवासच संपतो. हा उपाय फार कमी लोकांना सुचतो आणि अर्ध्या घरांत तो चालण्यासारखा असतो. फक्त साउंडबार पडद्याखाली असेल तर त्याची वायर पुढे न्यावी लागेल, हे धरून चाला.

आता पट्टी. भाड्याचं घर असेल किंवा रंगकाम नुकतंच झालं असेल, तर दुसरं काही शोधू नका. पट्टीचा एक गुण सहसा लक्षात येत नाही: तिचं झाकण उघडतं. केबल आत नुसती ठेवायची असते, ओढायची नसते, त्यामुळे एचडीएमआयचा जाडा प्लग कुठे अडकत नाही आणि केबल बदलणं पाच मिनिटांचं काम होतं. दोष एकच, ती दिसते. पण किती दिसते हे पट्टी कुठून नेली यावर आहे. छताच्या मधोमध तिरकी मारलेली पट्टी खोलीत शिरल्याबरोबर डोळ्यात भरते. तीच भिंत आणि छत जिथे भेटतात त्या कोपऱ्यातून किंवा बीमच्या कडेने नेली आणि शेवटचा तुकडाच तेवढा काटकोनात प्रोजेक्टरकडे वळवला, तर पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. लावण्याआधी पट्टीवर पॉलिश पेपर हलका फिरवून छताचाच रंग द्या. झाकण वेगळं रंगवा, नाहीतर पहिल्यांदा उघडताना कडेचे पापुद्रे निघतात. आणि छतावर नुसत्या चिकटपट्टीच्या भरवशावर राहू नका. डिस्टेंपर केलेल्या छताला ती महिन्या-दोन महिन्यांत सोडते. स्क्रू मारा.

फॉल्स सिलिंग आधीपासून असेल तर प्रश्न जवळजवळ सुटलाच. पण दोन ठिकाणी कामं बिघडतात. एक, प्रोजेक्टरचा भार जिप्सम बोर्डवर कधीच देऊ नका. ब्रॅकेटचा रॉड बोर्डमधून वर जाऊन स्लॅबमधल्या अँकरला धरला पाहिजे. दोन, प्रोजेक्टरजवळ हात जाईल एवढी झडप ठेवा. झडप नसेल तर वर टाकलेली केबल म्हणजे गाडलेलीच केबल. केबल बोर्डवर मोकळी सोडण्यापेक्षा पाइपातून न्या आणि दिव्यांच्या ड्रायव्हरपासून (त्यांना वीज पुरवणाऱ्या डबीपासून) लांब ठेवा. निव्वळ एका केबलसाठी नवं फॉल्स सिलिंग करणं मात्र मला पटत नाही. खोलीची उंची जाते ती परत मिळत नाही.

झिरीचं काम सगळ्यात देखणं, आणि चुकलं तर सगळ्यात महाग. घराचं नूतनीकरण चालू असेल, प्लास्टर-पुट्टी तशीही होणार असेल, तरच याच्या वाटेला जा. झिरी विटांच्या भिंतीत मारायची. स्लॅबमध्ये आणि बीममध्ये अजिबात नाही. स्लॅबच्या खालच्या सळईवर काँक्रीटचं आवरण सहसा २० मिलिमीटरच्या आसपास असतं. तिथे कटर चालवला की सळई उघडी पडते आणि पुढे गंजते. कारागीर ‘थोडंसंच घेतो’ म्हणाला तरी नाहीच म्हणा. म्हणजे उघड्या स्लॅबच्या घरात भिंतीपुरती झिरी आणि छतापुरती पट्टी असा मिश्र मार्गच योग्य. भिंतीतही उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको.

पाइप कोणता, यावर सगळा खेळ आहे. नेहमीच्या वायरिंगचा बारीक पाइप इथे चालत नाही, कारण एचडीएमआयच्या प्लगचं आवरण सुमारे २० मिलिमीटर रुंद असतं. ३२ मिलिमीटरचा पाइप घ्या, आणि त्याची जाडी भिंतीत मावत नसेल तर झिरीचा विचारच सोडा. काटकोनी एल्बो टाळा. प्लग नेमका तिथे आडवा होतो. बाहेरून ओढणाऱ्याला वाटतं केबल अडली, तो जोर लावतो आणि आतमध्ये प्लगपासून वायर सुटते. लांब गोलाईचे बेंड वापरले तर हे होत नाही. प्लगचं तोंड इन्सुलेशन टेपने निमुळतं गुंडाळायचं, ओढायची दोरी प्लगला न बांधता मागच्या केबलला बांधायची, आणि एकाने ओढताना दुसऱ्याने मागून केबल सारत राहायची. काम झालं की नायलॉनची एक जादा दोरी आत तशीच सोडा, पुढच्या केबलसाठी. जागा असेल तर कॅट-६ ची (नेटवर्कची) वायरही टाकून ठेवा. एचडीबेसटी नावाच्या पद्धतीचे एक्स्टेंडर तिच्यावरून चित्र नेऊ शकतात.

सात-आठ मीटरच्या पुढे ऑप्टिकल (काचतंतूतून सिग्नल नेणारी) एचडीएमआय केबल घ्या. ती बारीक असते, सिग्नल पडत नाही. पण तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. पाइपात उलटी गेली तर चित्र येणारच नाही आणि सगळी पुन्हा काढावी लागेल. घट्ट मुडपलीत तर आतला काचतंतू तुटतो.

वायरलेसबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. विजेची वायर त्यातही राहतेच, म्हणजे पट्टी किंवा झिरी टळत नाही, फक्त थोडी सडपातळ होते. ६० गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या संचांना समोरासमोर मोकळी जागा लागते, मध्ये माणूस उभा राहिला तरी चित्र अडखळतं. ५ गिगाहर्ट्झवाले अडथळ्यांना इतके अडत नाहीत, पण चित्राचा डेटा आकुंचित (कॉम्प्रेस) करून पाठवतात आणि त्यात उशीर होतो. सिनेमाला तो कळत नाही, गेम खेळताना हमखास कळतो. फक्त ओटीटीच बघणार असाल तर स्ट्रीमिंग स्टिक थेट प्रोजेक्टरला लावा, सिग्नलची वायरच नको.

मार्ग कोणताही असो, विजेची आणि सिग्नलची वायर एका पाइपात घालू नका. पट्टीही मधे आडभिंत असलेली घ्या. प्रोजेक्टरसोबत आलेली लवचिक पॉवर कॉर्ड भिंतीत गाडणं धोक्याचं आहे. इलेक्ट्रिशियनकडून पक्क्या वायरिंगने छताजवळ सॉकेट काढून घ्या.

आणि पुट्टी भरण्याआधी, झडप बसवण्याआधी, वायरी अंतिम जागी असताना एक पूर्ण सिनेमा ४के एचडीआरमध्ये चालवा. पाच मिनिटांच्या चाचणीत ठीक दिसलेली केबल कधीकधी तासाभराने चित्र सोडायला लागते. तसं झालं तर ती तेव्हाच बदला, पाइपाचं तोंड उघडं आहे तोवर.