सीटखालचं रिपेअर किट: पंप ठेवा, पॅच बदला

रविवारी सायकलने नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खाऊन परत यायचं असेल तर किटबिट काही नको, खिशातला फोन पुरे. पण पेठ रोडने सावळघाट उतरलात किंवा त्र्यंबकच्या पुढे मोखाड्याकडे निघालात की सायकलचं पंक्चर काढणारा माणूस सहजी भेटत नाही. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकल फेरीला, तर साडेतेरा तासांत परतायचं असतं आणि स्वतःच्या गाडीची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणीच घेता येते. तिथे हे किट खरं कामाला लागतं.

दुकानांत आणि ऑनलाइन मिळणाऱ्या तयार किटमधलं सामान बहुधा सारखंच असतं: छोटी पिशवी, मिनी पंप, मल्टिटूल, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर आणि बिनसोल्युशनचे सहा चिकट पॅच.

यात पैसे वसूल करतो तो पंप, पण त्याला नळी असेल तरच. नळी नसलेला पंप थेट व्हॉल्व्हवर बसतो. हात मारताना व्हॉल्व्ह डुलत राहतो आणि त्याच्या बुडाशी ट्यूब चिरते. तिथे पॅच बसत नाही, ट्यूब गेलीच म्हणायची. ७०० बाय २८ च्या टायरला साधारण ८० पीएसआय हवा लागते. मिनी पंपाचे त्यासाठी दोनशेच्या वर हात मारावे लागतात, आणि शेवटच्या वीस पीएसआयला दंड भरून येतात. म्हणून बरेच जण साठवरच थांबतात. चालतं, पण मग खड्ड्यांतून सांभाळून जायचं. कमी हवेत टायर रिमवर आपटतो, ट्यूब मध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

चिकट पॅच मात्र फसवे. घरी छान बसलेले दिसतात. जास्त दाबाला आणि दुपारच्या तापल्या डांबरावर त्यांची कड सुटते. त्यापेक्षा सोल्युशनची छोटी ट्यूब, रबरी पॅच आणि बोटभर पॉलिश पेपर घ्या. भोकाभोवतीची चकाकी जाईपर्यंत घासा, पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर पातळ सोल्युशन लावा आणि पाच मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच सुटतो, आणि घाईत सगळे नेमकं तेच करतात. शिवाय एकदा उघडलेली सोल्युशनची ट्यूब पिशवीत पडून सुकते, त्यामुळे न उघडलेलीच ठेवा. रस्त्यात खरं तर सरळ दुसरी ट्यूब घालावी, पॅचचं काम घरी. पण किटमध्ये ट्यूब नसते. आपल्या टायरच्या मापाची आणि व्हॉल्व्हची वेगळी घ्यावी लागते.

नवी ट्यूब घालण्याआधी काटा शोधा. गिरणारे, दिंडोरीकडच्या शेतरस्त्यांवर बाभळीच्या फांद्यांची कुंपणं आणि कडेला सराटा. हायवेला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या बारीक तारा. तार डोळ्यांना दिसत नाही, टायरच्या आतून कापूस फिरवला की अडकतो. टायर बसवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर ठेवायची सवय असली तर ट्यूबचं भोक टायरवर कुठे येतं ते लगेच कळतं. भोक रिमच्या बाजूला असेल तर काटा शोधूच नका, रिमच्या आतली पट्टी, म्हणजे रिम टेप, सरकलेली असते.

मल्टिटूल घेताना ४, ५, ६ मिलिमीटरच्या ॲलन की, टी२५ (चांदणीच्या आकाराच्या स्क्रूची की) आणि चेन तोडायचं टूल आहे का बघा. स्वस्त किटमध्ये नेमकं शेवटचंच नसतं. चढावर जोर लावून गिअर बदलला की चेन तुटते. ९ गिअर आणि त्यापुढच्या चेनची काढलेली पिन परत ठोकली तर टिकत नाही. क्विक लिंक, म्हणजे पिन न ठोकता जोडायची कडी लागते, तीही तेवढ्याच गिअरची. तुटलेली कडी काढल्यावर चेन आखूड होते, म्हणून पुढे मोठी आणि मागेही मोठी चकती एकदम लावायची नाही. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलरच ओढला जाईल.

आणखी एक नखाएवढी वस्तू किटमध्ये हमखास नसते: प्रेस्टा, म्हणजे सायकलच्या बारीक व्हॉल्व्हवर बसणारा पितळी ॲडॅप्टर. तो असला की घोटी, इगतपुरीच्या हायवेवरच्या ट्रकवाल्या पंक्चर दुकानात कॉम्प्रेसरची हवा घेता येते. मात्र नोझल क्षणभरच दाबायचं, दाब बघायचा, पुन्हा दाबायचं. ट्रकसाठीची हवा आहे ती, सलग सोडली तर ट्यूब उडवते.

पिशवीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी तिच्या झिपमधून पाणी आत जातंच. इगतपुरीच्या पावसात एक फेरी झाली की मल्टिटूलचे सांधे गंजून घट्ट होतात आणि ऐन वेळी की बाहेर निघत नाही. दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, सांध्यांना थेंबभर तेल द्या.