इंजिनिअर शनिवारी यायचा होता, पैसे त्याआधीच गेले

मुलुंड पूर्वेला १९८७ ची इमारत, तिसरा मजला, ४१० चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके, भाव १ कोटी १२ लाख. भांडुपला आठ वर्षं भाड्याने काढल्यावर स्वतःचं पहिलं घर, तेही मुलीच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. इमारत जुनी म्हणून अट मीच घातली होती: आधी आमचा स्ट्रक्चरल इंजिनिअर घर बघेल, मग करार. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, तो रिपोर्टही मागितला होता. स्लॅब, कॉलमच्या भेगा, बाथरूमचं लीकेज, सगळी यादी वहीत लिहून तयार होती. मी डोळे झाकून गेलो नव्हतो, हे आधी सांगतो. घराची तपासणी करायला निघालो होतो. माणसाची केली नाही.

पहिल्या भेटीत ५१,००० टोकन, म्हणजे घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम, यूपीआयने दिले. पहिल्या शनिवारी ‘मालक’ गावी गेला, कुणीतरी वारलं होतं म्हणे. दुसऱ्या शनिवारी सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी मिळाली नाही. तारीख पुढे गेली की एजंटचा फोन ठरलेला: “दुसरी पार्टी चेक घेऊन बसलीय, मी तुमच्यासाठी थांबवलंय.” मग ३,००,००० आरटीजीएस. मग १,००,००० रोख, आईच्या फंडातले. इंजिनिअरचे आगाऊ ४,००० वेगळे. एकूण ४,५५,०००. इन्स्पेक्शनची वाट बघायला लावणं हाच त्यांचा धंदा होता. वाट बघणारा माणूस घर हातचं जाईल म्हणून घाबरलेला असतो.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे रात्री झोप लागत नाही. दुसऱ्यांदा घर बघायला गेलो तेव्हा गेटवर वॉचमनने विचारलं, “३०४ ना? भाड्याने बघताय का?” एजंट चटकन म्हणाला, “त्याला काय माहीत, नवीन आहे तो.” मी मान डोलावली आणि जिना चढलो. खाली सभासदांच्या नावांचा बोर्ड होता. हिने माझा हात धरून सांगितलं, “अहो, ३०४ समोर दुसरंच नाव आहे.” वर विचारलं तर तो ‘मालक’ शांतपणे म्हणाला, मामांचं नाव आहे, बदलायचं राहिलंय. लाइट बिलावरही तेच नाव, त्यालाही मामाच. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची, म्हणजे फ्लॅटधारकाच्या सभासदत्वाच्या दाखल्याची, रंगीत झेरॉक्स त्याच्या नावाची होती, आणि मी त्या झेरॉक्सवर विश्वास ठेवला. सेक्रेटरीचं दार दोन मजल्यांवर होतं. दोन मजले. घंटा वाजवली असती तर तिथेच कळलं असतं. घर इतकं आवडलं होतं की मला कळून घ्यायचंच नव्हतं, हे आज कबूल करतो.

तिसऱ्या शनिवारी इंजिनिअरचा फोन आला: “साहेब, फ्लॅटला कुलूप आहे, खाली म्हणतायत भाडेकरू सोडून गेला.” तो भाडेकरू म्हणजेच आमचा ‘मालक’, चार महिन्यांपूर्वी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरारावर, राहायला आलेला. खरे मालक पुण्यात. नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स-२, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, शोधला असता तर खऱ्या मालकाचं नाव समोर आलं असतं. आधी तो शोधा, टोकन नंतर. आणि झेरॉक्स बघू नका, मूळ सर्टिफिकेट सेक्रेटरीसमोर बघा.

यापेक्षा जास्त संताप पुढच्या दोन महिन्यांचा आहे. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: “हा दिवाणी मामला आहे, वकील बघा.” दिवाणी कसा? तो मालकच नव्हता! खोटे कागद दाखवून पैसे घेणं ही फसवणूक आहे, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४). मग सांगितलं, पैसे भांडुपच्या बँकेतून गेले, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, घर मुलुंडला, तिकडे जा. हद्दीचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. ते कलम छापून नेलं तर हवालदार म्हणाला, “आम्हाला कायदा शिकवू नका.” चार तास बाकावर बसवून साधा तक्रार अर्ज घेतला. बँकेत उत्तर मिळालं, “पैसे तुम्हीच पाठवलेत.” सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला तोवर खातं रिकामं झालेलं. तुम्ही पहिल्या तासातच लावा. आणि रोख लाखाचं काय? घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे. पण त्याबद्दल जाब मलाच विचारला गेला, घेणाऱ्याला शोधायला कुणी उठलं नाही. कुणी रोख मागितली तर तिथूनच उठा.

नातेवाईक म्हणतात, शिकलेला माणूस असा कसा फसला. चौदा वर्षं मी कंपनीचे हिशोब बघतो. पण हिशोब बघताना कुणी माझ्या मुलीला “हा कोपरा तुझ्या टेबलाचा” असं म्हणत नाही. त्याने म्हटलं होतं. तीही आता तिथून जाताना वर बघत नाही.

अर्ज देऊन ६३ दिवस झाले, एफआयआर नाही. आता उपायुक्तांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवली आहे, पावती जपून ठेवली आहे. त्याच ३०४ साठी टोकन दिलेली आणखी दोन कुटुंबं वॉचमनमुळे सापडली, एकाचे २,०१,००० आणि एकाचे ७५,००० गेलेत. सोमवारी आम्ही तिघं एकत्र ठाण्यात जाणार आहोत. मुलुंडमध्ये “शनिवारी इन्स्पेक्शन करून देतो” म्हणत आणखी कुणाकडून टोकन घेतलं गेलं असेल, तर लाज बाजूला ठेवा आणि आमच्याबरोबर चला.