शेवाळी की बॉटल ग्रीन? जुन्या सायकलच्या रंगकामाचा अनुभव

आधी गुण देऊन टाकते. रंगाला पाचपैकी साडेचार, रंगवणाऱ्यांच्या कामाला चार, आणि घरी बसून शेड कार्डावरून रंग ठरवण्याच्या माझ्या हुशारीला शून्य.

फ्रेम जुनी, स्टीलची, सांध्यांवर नक्षीदार लग, म्हणजे नळ्या ज्यात बसवून जोडतात ती धातूची टोपणं, असलेली. सीटट्यूबवर, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीवर, रेनॉल्ड्स ५३१ या नावाजलेल्या स्टीलच्या नळ्यांचं अर्धं सोललेलं स्टिकर. मूळ रंग एकदा खरवडला की गेलाच, म्हणून तो राखायचा असं मनात होतं. पण आधीच्या कुणा मालकानं ब्रशनं निळा ऑइलपेंट फासला होता आणि त्याखाली गंज. राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग आणलं रालचं के७ शेड कार्ड. रंगांना नंबर देण्याची ही राल पद्धत १९२७ साली जर्मनीत ४० रंगांपासून सुरू झाली, आता क्लासिक संचात दोनशेहून जास्त रंग आहेत. वस्तू म्हणून उत्तम. नंबर सांगितला की जगातला कुठलाही रंगारी तोच रंग कालवतो, ‘जरा गडद हिरवा, पण फार नाही’ असली भाषा करावी लागत नाही. मी तीन रात्री ते पंख्यासारखं उलगडून बसले आणि ६००७ पक्का केला, बॉटल ग्रीन. जुन्या इंग्लिश रोडस्टर सायकलसारखा, भारदस्त.

इथे रंगवणाऱ्यांचं पहिलं कौतुक. त्यांनी फ्रेमला हात लावण्याआधी नळीच्या एका तुकड्यावर रंग मारून दाखवला. नवऱ्यानं तो तुकडा बघितला आणि म्हणाला, “काळीच घेतलीस की.” खरंच काळा! कार्ड सपाट असतं, त्यावर सगळीकडे सारखा उजेड पडतो. नळी गोल आणि बारीक, सीटट्यूबचा व्यास जेमतेम २८.६ मिलिमीटर. तिच्यावर उजेडाची एक चिंचोळी पट्टी तेवढी हिरवी दिसते, बाकीचा रंग सावलीत बुडतो. कार्डावर जो गडद रंग आवडेल त्याच्याहून एक पायरी उजळ घ्यायचा, हे मला तेव्हा कळलं. ६००५ निवडला, शेवाळी. कार्डावर तो मला किंचित भडक वाटला होता. नळीवर मात्र अगदी मनातला. तुकडा ट्यूबलाइटखाली बघितला, मग उन्हात नेला, मग संध्याकाळी. तिन्ही वेळा वेगळा दिसला, पण तिन्ही वेळा हिरवा.

हेडट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या आखूड नळीला, पांढरा पट्टा हवा होता. त्यांनी विचारलं, “सीट कुठली बसवणार?” मधाच्या रंगाची चामड्याची, असं म्हटल्यावर ती घेऊनच या म्हणाले. शुभ्र पांढरा ९०१० त्या चामड्याशेजारी ठेवला तर फ्रिजचं दार वाटत होतं. हस्तिदंती १०१५ ठेवला आणि सीट, तपकिरी कडांचे टायर, सगळं एका घरातलं दिसायला लागलं. रंग एकट्यानं निवडायचाच नसतो, जे सुटे भाग बदलणार नाही ते शेजारी मांडून निवडायचा. बियांकी या इटालियन सायकल कंपनीचा तो प्रसिद्ध चेलेस्ते रंगसुद्धा कधी निळसर, कधी हिरवट असा बदलत आलाय. तेव्हा ‘हुबेहूब जुना रंग’ मागणाऱ्यांनी आधी कुठल्या सालचा ते ठरवावं.

पावडर कोटिंग करायचं की ओला रंग? ओलाच, यावर मी ठाम होते आणि अजून आहे. पावडर दणकट, स्वस्त, १८०–२०० अंशांच्या भट्टीत भाजून काढतात, स्टीलला त्याचं काही होत नाही. रोज दगडधोंड्यांतून चालवायची सायकल असेल तर खुशाल करा. पण तो थर बऱ्याचदा ६० ते १०० मायक्रॉनचा असतो आणि लगच्या धारा त्याखाली गोलमटोल होतात. माझ्या फ्रेमच्या लगची टोकं पानाच्या शेंड्यासारखी निमुळती आहेत. ओल्या रंगाच्या पातळ थरांखाली तो शेंडा अजून बोटाला लागतो. त्याच्या कडेनं त्यांनी बारीक ब्रशनं हस्तिदंती रेघ ओढलीय, हातानं. जवळून बघितलं तर एका वळणावर रेघ केसभर जाड झालेली दिसते. मला ते स्टिकरच्या गुळगुळीत रेघेपेक्षा आवडतं.

आता तक्रारी. बीबीच्या, म्हणजे पेडलांचा आस जिथे बसतो त्या नळीच्या, आट्यांना मास्किंग नीट केलं नव्हतं. आट्यांत रंग गेला, आसाचं बेअरिंग धरणारा कप दोन फेऱ्यांत अडकला, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून ते साफ करावे लागले. सीटट्यूबच्या तोंडाशीही आतून रंग होता. २७.२ मिलिमीटरचा सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, जाईना, अर्धा तास पॉलिश पेपर घासत बसले. फ्रेम देताना ‘आटे, सीटट्यूबचं तोंड आणि हेडट्यूबच्या कडा झाका’ असं लिहूनच द्या. आणि ५३१चं नवं स्टिकर दीडेक मिलिमीटर तिरकं बसलंय. वर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर आहे, त्यामुळे आता ते तिरकंच राहणार. मी सोडून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

एक चूक सर्वस्वी माझी. रंग हाताला वाळला म्हणजे आतून कडक झाला असं नाही. महिनाभर थांबा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी चौथ्या दिवशी डाऊनट्यूबवर, म्हणजे हँडलकडून पेडलांकडे येणाऱ्या तिरक्या नळीवर, गिअर लिव्हरचा पट्टा आवळला. त्याची कड रंगात रुतली. पट्टा काढला नाही तर खूण दिसत नाही, म्हणून मी तो काढत नाही.